हाक मारू नका

फोरमनचा आवाज मोठा होता, आणि त्यात त्याची चूक फारशी नव्हती. तो ज्या कारखान्यात कामाला होता तिथे पत्रा दाबणारी यंत्रं दिवसभर अशी धडधडत, की शेजारी उभ्या माणसाला साधा पाना मागायचा तरी छाती भरून ओरडावं लागे. वर्षानुवर्षं असं ओरडलं की गळा तसाच बनतो आणि कानही थोडे जड होतात. घरी आल्यावर तो "पाणी दे" म्हणाला, तरी वरच्या मजल्यावर कळे की याला तहान लागलीय. बायको म्हणायची, "तुझ्याशी भांडायचीसुद्धा सोय नाही. अख्खी इमारत साक्षीला बोलावल्यासारखं होतं." कामावरची माणसं त्याला फोरमन म्हणत, शेजारी फोरमन म्हणत, सासुरवाडीतही तो फोरमनच होऊन बसला होता.

त्याची मुलगी पाच वर्षांची. लहानखुरी, सारखी काहीतरी उचलून इकडचं तिकडे नेणारी, म्हणून तिचं नाव पडलं मुंगी. घरात ती फार बोलत नसे. फोरमनला वाटे, पोर स्वभावानंच गरीब आहे.

त्या सकाळी तो पाळी सोडून मुंगीच्या शाळेत गेला, तो तिला तिथून काढतोय हे सांगायला.

निमित्त घडलं होतं रविवारी. त्याचा थोरला भाऊ घरी आला होता. भावाची मुलगी मुंगीच्याच वयाची. तिनं सगळ्यांसमोर घडाघडा पाढे म्हटले, पाटीभर अक्षरं काढून दाखवली. मग भावानं मुंगीला जवळ घेऊन विचारलं, "आणि तू काय करतेस गं शाळेत?"

मुंगीनं बराच विचार केला आणि म्हणाली, "पाणी ओतते."

सगळे हसले. फोरमनही हसला, पण ते हसू त्याच्या घशाखाली उतरलं नाही. पाहुणे गेल्यावर त्यानं घर डोक्यावर घेतलं. "पाणी ओतायला घातलंय का तिला शाळेत? फळा नाही, बाक नाही, परीक्षा नाही. बाई म्हणे शिकवत नाहीत, बघत बसतात! बघत बसायला मी काय वाईट होतो?"

"तिला आवडतं तिथे," बायको म्हणाली.

"आवडायला ती बाग आहे का?"

"ती तिथे बोलते. इथे बोलते का?"

फोरमननं हा प्रश्न ऐकूच आला नाही असं दाखवलं. कान जड असण्याचा तेवढा एक फायदा होता.

शाळा म्हणजे एक जुनं बैठं घर. मधल्या भिंती पाडून केलेली एकच मोठी खोली, तिच्यात पोरांच्या छातीपर्यंत येतील अशी शेल्फं, गुडघ्याएवढी बेसिनं, जमिनीवर चटया. मागे भाजीचे वाफे आणि कुंपणाची उंच भिंत. पुढे अरुंद गल्ली, आणि गल्लीपलीकडे बर्फाचा कारखाना. त्या कारखान्याच्या पाइपांची घरघर शाळेत रोज ऐकू यायची, इतकी रोज की आता ती कुणाला ऐकू येत नव्हती.

मुलांना सांभाळायला तिघीजणी होत्या. मोठ्या ताई पन्नाशी ओलांडलेल्या, काडीसारख्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. धाकटी ताई दोन वर्षांपूर्वी शिकून आलेली. आणि मावशी, ज्यांच्यावाचून त्या दोघींचं पान हलत नसे.

"मी मुंगीला काढतोय," फोरमन दारातच म्हणाला. त्याच्या आवाजासरशी वीसेक डोकी एकदम वळली.

मोठ्या ताई उठल्या. उठताना त्यांना एक हात शेल्फावर टेकावा लागला; दिवसभर मुलांबरोबर जमिनीवर बसून गुडघे कामातून गेले होते. "या ना," त्या म्हणाल्या. "बोलू आपण. पण आधी थोडा वेळ बसून बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

"काय बघू?"

"जे दिसेल ते. फक्त बोलू नका हं." आणि त्या अशा हसल्या की फोरमनला राग काढायला जागाच मिळाली नाही.

तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. खोलीत गडबड होती, पण गोंगाट नव्हता. कुणी मणी ओवत होतं, कुणी खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवत होतं. मोठ्या ताईंसमोर एक मुलगा लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाचं बटण लावायला बसला होता. बटण काजात शिरायचं आणि ऐनवेळी निसटायचं. पुन्हा शिरायचं, पुन्हा निसटायचं. ताई हात मांडीवर ठेवून बघत होत्या. फोरमनची बोटं शिवशिवली. शेवटी त्याला राहवलं नाही. तो पुढे वाकून म्हणाला, "अहो, लावून द्या ना त्याला. मिनिटाचं काम."

"माझ्या मिनिटाचं," ताई मान न वळवता म्हणाल्या. "त्याच्या नाही."

मुंगी खिडकीपाशी होती. एका छोट्या जगमधून दुसऱ्या जगमध्ये पाणी ओतत होती, जीभ दातांत धरून, एकही थेंब सांडू नये म्हणून अंग आवळून. ओतून झालं की सांडलेला एखादा थेंब स्पंजानं टिपायची आणि पुन्हा सुरुवात. एकदा तिची नजर फोरमनकडे गेली. तिचे खांदे वर चढले. तिनं तबक उचललं, पलीकडच्या टोकाला नेलं आणि बापाकडे पाठ करून बसली.

फोरमनचा पारा चढला. आपण एवढी पाळी बुडवून आलो आणि पोर पाठ फिरवते? त्यानं वर पाहिलं तर मोठ्या ताई त्याच्याकडेच बघत होत्या. मुंगीकडे नाही, त्याच्याकडे. त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मुंगीबद्दल तुमच्याशी एक बोलायचंच होतं मला. बरं झालं तुम्ही..."

तेवढ्यात गल्लीत काहीतरी फुटलं.

आधी धाडकन आवाज झाला, मग लांबलचक फुस्सकार. कारखान्यात हाडं झिजवलेल्या फोरमनला वेगळं सांगावं लागलं नाही. पाइप फाटला होता. पाठोपाठ वास आला. वास कसला, नाकात सुई खुपसल्यासारखी कळ. बर्फ गोठवायला वापरतात तो अमोनिया. गल्लीतून माणसं तोंडाला हात लावून पळताना दिसली, आणि त्यांच्यामागून पांढरं धुकं गल्ली भरत येत होतं.

मोठ्या ताई पुढच्या खिडक्यांकडे धावल्या. एक एक खिडकी ओढून बंद करू लागल्या. शेवटच्या खिडकीची कडी बसेना. त्या तिथेच उभ्या राहून ती ओढत राहिल्या, आणि धुक्याचा लोट सरळ त्यांच्या तोंडावर आला.

कामावर आग लागली, गॅस सुटला, की काय करायचं हे फोरमनच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्यानं तेच केलं. उभा राहिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "पळाऽ! सगळे बाहेर! पळाऽऽ!"

कारखान्यात या आवाजाला माणसं हलली असती. इथे मुलं जागच्या जागी थिजली. एकानं चड्डी ओली केली. दोघं किंचाळून रडायला लागली. आणि चारपाच जणं खरंच पळाली, पण पळाली ती रोजच्या दाराकडे, गल्लीकडे, गॅसकडे. मावशींनी दोन्ही हात पसरून स्वतःला दारात आडवं घातलं म्हणून ती थांबली.

मोठ्या ताई खोकत फोरमनपाशी आल्या. त्यांनी त्याचं मनगट धरलं. पकड अशी, की त्या काडीसारख्या बाईत एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नसतं.

"एक शब्दही नको आता," त्या त्याच्या कानाशी म्हणाल्या. "मागच्या भिंतीत दार आहे. गंजून बसलंय. ते उघडा. तुमचे हात हवेत मला, आवाज नको."

त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. एरवी त्यानं उत्तर दिलं असतं. पण तो धावला.

दार वेलीत गुरफटलेलं होतं. कडी गंजून चौकटीला चिकटली होती. वाफ्यातलं फावडं उचलून त्यानं कडीवर घातलं. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. हाताची सालं निघाली. मागून मुलांचा आक्रोश ऐकू येईल म्हणून तो कान देत होता, पण मागे काहीच ऐकू येईना. रडणंसुद्धा थांबलं होतं. कडी तुटली, दार फटीएवढं हललं, त्यानं खांदा लावून ते उखडलंच, आणि वळून पाहिलं.

मुलं रांगेत येत होती. प्रत्येकाच्या नाकाशी ओला नॅपकिन. मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरलेले. धाकटी ताई त्यांच्यापुढे उलटी चालत होती आणि एकेका मुलाच्या डोळ्यांत बघून, फक्त ओठ हलवल्यासारखं, त्याचं नाव घेत होती. नाव घेतलं की ते मूल एक पाऊल पुढे टाकी. तिचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ओठांवरचं हसू तिनं जणू टाके घालून बसवलं होतं. ज्यानं मघाशी चड्डी ओली केली होती त्याला मावशींनी कडेवर घेतलं होतं. मोठ्या ताई सगळ्यांच्या मागे, खोकला दाबत.

दारापलीकडे मोकळं मैदान होतं. उंच भिंतीमुळे धुकं अजून तिथवर पोचलं नव्हतं, त्यामुळे तिथे श्वास घेता येत होता. फोरमननं दारात उभं राहून एकेकाला उचलून पलीकडे ठेवलं. रांगेत लांबून एक निळा फ्रॉक दिसला होता आणि त्याचा जीव भांड्यात पडला होता. मुंगीनं सकाळी निळाच घातला होता.

मैदानात धाकट्या ताईनं मुलं मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजली.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

मोठ्या ताईंनी मोजलं नाही. नुसती चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "मुंगी."

निळा फ्रॉक घातलेली मुलगी दुसरीच होती. ती फोरमनकडे मान वर करून बघत होती.

फोरमन धाकट्या ताईकडे वळला. "ती होती ना रांगेत? तुम्ही धरला नव्हतात तिचा हात?"

"तुम्ही ओरडलात तेव्हा मी तिला शेल्फापाशी पाहिलं होतं," धाकट्या ताईचा आवाज फुटला. "मग मी रडणाऱ्यांकडे वळले... मला वाटलं..."

पुढचं ऐकायला तो थांबला नाही. त्यानं एका मुलाच्या हातातला ओला नॅपकिन घेऊन तोंडावर दाबला आणि परत आत शिरला. मागे पावलं वाजली. मोठ्या ताई. "तुम्ही नका येऊ," तो म्हणाला. त्यांनी लक्षही दिलं नाही.

खोलीत आता समोरची भिंत धूसर दिसत होती. बंद खिडक्यांच्या फटींतून गॅस झिरपत होता. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. फोरमननं नॅपकिन बाजूला केला.

"मुंगीऽऽऽ!"

ताईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. सरळ, एखाद्या मुलाच्या तोंडावर ठेवावा तसा.

"हाक मारू नका."

"अहो, माझी पोर आत आहे!"

"म्हणूनच." खोकला आला, त्यांनी तो गिळला. "आवाज चढला की ती लपते. कधीपासून बघतेय मी. बाहेर कुणी ओरडलं, काही आपटलं, तरी लपते. आणि जितकं ओरडावं तितकी आत जाते. गप्प बसून राहते. दरवेळी जागा वेगळी. ओरडून ती सापडणार नाही."

दोन शब्द त्यांनी उच्चारले नव्हते, पण ते फोरमनला स्वच्छ ऐकू आले. तुमचा आवाज.

त्यांनी शोधलं. बेसिनखालची कपाटं, पडद्यामागे, शेल्फांच्या पाठी, वाचायच्या कोपऱ्यातल्या उशांखाली. नव्हती. न्हाणीघरात नव्हती. फोरमनला वाटत होतं, एकेक शेल्फ उचलून फेकावं, सगळी खोली उलटी करावी. त्यानं एक शेल्फ धरून ओढलंही; त्यावरचे लाकडी ठोकळे धडाधड खाली पडले. ताईंनी पुन्हा त्याचा हात धरला आणि मान हलवली. नाही.

मग त्या जमिनीवर बसल्या आणि त्यालाही खाली ओढलं.

"रोज एक खेळ खेळतो आम्ही," त्या म्हणाल्या. प्रत्येक शब्दाला श्वास पुरत नव्हता. "सगळे डोळे मिटून गप्प. मी लांबून एकेकाचं नाव घेते. कुजबुजून. ज्याला ऐकू येईल ते उठून येतं. तिला फार आवडतो. नावासाठी वाट बघत बसते. मघाशी इतर मुलं तशीच हलवली आम्ही."

त्यांनी ओठ उघडले. नाव बाहेर आलं नाही. आला तो खोकला. खिडकीपाशी उभं राहून सगळ्यात जास्त विष त्यांनीच गिळलं होतं. पुन्हा प्रयत्न केला. घशातून फक्त घरघर. तिसऱ्यांदा त्या पुढे झुकल्या आणि हातांवर तोल सावरला. डोळे लालबुंद झाले होते. त्यांनी फोरमनकडे बोट केलं.

"मी?" तो म्हणाला. "मला नाही हो येत. मला हळू बोलताच येत नाही."

त्यांनी बोट काढलं नाही. मग तळहात पालथा करून हवेत खाली खाली नेला. आणखी खाली. आणखी.

फोरमननं तोंड उघडलं. "मुंगी." त्याला वाटलं हळू आहे, पण खोली दणाणली. ताईंचा तळहात पुन्हा खाली गेला.

"मुंगी."

बाहेर फुस्सकार चालूच होता. लांब कुठेतरी बंबाची घंटा. मोठ्यानं हाक बाहेर पडू नये म्हणून त्यानं दात आवळले. ताईंचा हात त्याच्या मनगटावर होता. त्या दाबत नव्हत्या, ओढत नव्हत्या. नुसता धरून ठेवला होता. थांबा. ओतू नका एकदम. असं काहीसं त्या हातात होतं.

या बाईला श्वास घेता येत नाहीये आणि ही मला धीर धरायला लावतेय, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

त्यानं डोळे मिटले. आवाज सोडूनच दिला आणि नुसत्या श्वासानं बोलला. "मुंगी. बाबा आहे. मी रागावलो नाहीये गं. ये."

काही हललं नाही.

"मुंगी," तो पुन्हा म्हणाला. पुढे काय म्हणायचं हे त्याला सुचेना. तिच्याशी हळू बोलण्यासारखं आपल्याकडे काहीच नाही हे त्याला तिथे, त्या धुक्यात बसून कळलं. "मी बघितलं तुझं काम. सांडलेला थेंबसुद्धा टिपलास."

कोपऱ्यात गुंडाळलेल्या चटया उभ्या ठेवायची मोठी टोपली होती. फोरमननं दोनदा तिच्याकडे पाहिलं होतं. दोन्ही वेळा त्याला चटयाच दिसल्या होत्या. आता त्यातली एक चटई किंचित वाकली. मग तिच्यामागून दोन डोळे वर आले.

तो उठायला गेला. मनगटावरचा हात घट्ट झाला. तो बसून राहिला.

मुंगी टोपलीतून उतरली. चवड्यांवर, पाऊल न वाजवता, धडपडत आणि खोकत, पण खेळाचा नियम पाळत ती त्या धूसर खोलीतून बापापर्यंत आली. त्याच्या खांद्याला हात लावला आणि कुजबुजली, "ऐकू आलं."

मग मात्र फोरमननं कशाची वाट पाहिली नाही. मुंगीच्या तोंडावर ताईंनी आपला ओला नॅपकिन दाबला, त्यानं तिला उचललं आणि मागच्या दाराकडे धावला. मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी मुंगीला त्याच्या हातांतून ओढूनच घेतलं. तो वळला. ताई त्याच्या मागे आल्याच नव्हत्या. त्या शेल्फाचा आधार घेऊन उभ्या राहण्याचा प्रयत्न करत होत्या आणि गुडघे त्यांचं ऐकत नव्हते. फोरमन पुन्हा आत गेला. त्यांना दोन्ही हातांवर उचललं तेव्हा त्याला वाटलं, मुंगीत आणि यांच्यात वजनाचा फारसा फरक नाही.

मुंगीला दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून सोडलं. डोळे लाल, बाकी ठीक. मोठ्या ताईंना मात्र बरेच दिवस नळीतून प्राणवायू द्यावा लागला. फोरमन रोज पाळी सुटल्यावर जायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून परत यायचा. धाकटी ताई तिथे असायचीच. तिच्याकडून त्याला कळलं की मुलं घरी गेल्यावर या दोघी रोज त्या रिकाम्या खोलीत बसतात आणि एकेका मुलाचा दिवस पुन्हा आठवतात. कोण कशाशी अडलं, कोण आज हसलं नाही, कोण कुणापासून लांब बसलं. कधी कधी दिवे लागायची वेळ होते. "मला आधी कंटाळा यायचा," ती म्हणाली. "पण मोठ्या ताई म्हणतात, ज्याच्याकडे आज कुणी बघितलं नाही ते मूल आज शाळेत आलंच नाही." मग खाली बघत म्हणाली, "आणि त्याच दिवशी माझी नजर चुकली."

"चुकलो मी," फोरमन म्हणाला. त्याला वाटलं होतं त्याहून ते सोपं गेलं.

ताईंना बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्यानं विचारलं, "पाइप फुटायच्या आधी तुम्ही काय सांगणार होतात मला?"

ताईंचा आवाज गंजल्यासारखा झाला होता. "हेच. की ती तुमच्या आवाजाला घाबरते. तुम्हाला नाही. आवाजाला."

"मग आधीच का नाही बोलावून सांगितलंत?"

"पटलं असतं?"

फोरमननं खरं उत्तर शोधलं. "नाही. त्याच दिवशी काढून नेली असती तिला."

ताईंनी मान हलवली. मग त्याच्या मनात इतके दिवस घोळत होतं ते तो बोलला. "तुम्ही परत आत का आलात? ती माझी मुलगी होती."

प्रश्नच कळला नसावा असं ताईंच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मग?" त्या म्हणाल्या.

बर्फाच्या कारखान्याला टाळं लागलं. जुन्या घरात परत जायला काही पालकांनी नकार दिला, काहींनी मुलं दुसरीकडे घातली. शाळा एका ओळखीच्यांच्या रिकाम्या दुकानात भरू लागली. फोरमननं सुट्टीच्या दिवशी तिथे शेल्फं बसवली. पहिलं शेल्फ त्यानं स्वतःच्या कमरेच्या उंचीचं केलं, मावशींनी नुसतं बघितलं, आणि त्यानं मुकाट्यानं शेल्फाचे पाय कापले. मोठ्या ताई परतल्या त्या अर्ध्या आवाजानं. डॉक्टर म्हणाले, तेवढाच राहील. मुलांचं त्यावाचून काही अडलं नाही. ती जरा जवळ सरकून बसू लागली, इतकंच.

फोरमन काही एका दिवसात बदलला नाही. कामावर यंत्रं होतीच. एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची कामाची टोपी जागेवर नव्हती, मुंगीनं ती कुठेतरी वाहून नेली होती, आणि दिवसभराचा शीण एकदम उसळला. "माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही म्हणून कितीदा सांगितलं!" वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. दोघांनीही टेबलाखाली बघितलं. घरात ती तिथे लपते हे त्यांना आता ठाऊक झालं होतं. मुंगी टेबलाखाली नव्हती. ती खोलीच्या मधोमध उभी होती, खांदे कानांपर्यंत चढलेले.

"मला नाही आवडत," ती म्हणाली. घरात तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "तू ओरडलास की मला काही आठवतच नाही!"

फोरमनच्या तोंडात पुढचं वाक्य तयार होतं. ते त्यानं गिळलं. गुडघ्यांवर हात ठेवून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"बरं," तो शक्य तितकं हळू म्हणाला. "आता आठव. घाई नाही."

मुंगी भिंतीकडे बघून विचार करू लागली. तिला वेळ लागत होता. दारातून बायकोनं काहीतरी सुचवायला तोंड उघडलं, तेव्हा फोरमननं हात वर करून तिला थांबवलं.